गिलीज यांना ‘नोकरीत अडकलेले’ म्हणणे अन्यायाचे

मा. संपादक,

सविनय नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्कॉटलंडच्या चित्रकलेवर आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धे पान मिळाले, याबद्दल आधी आपले आभार मानतो. लेखात ग्लासगोच्या चित्रकारांविषयीचा भाग मनापासून आवडला. मात्र एडिनबराकडे वळल्यावर लेखकाने सर विल्यम गिलीज यांना एकाच वाक्यात निकालात काढले आहे. कॉलेजच्या नोकरीत जन्म घालवल्यामुळे त्यांची वाढ खुंटली आणि ते स्थानिक निसर्गचित्रकारच राहिले, असा त्या वाक्याचा आशय आहे. मी चौतीस वर्षे एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो, आणि मुलगी नोकरीनिमित्त एडिनबराला राहत असल्यामुळे तिथे दोन उन्हाळे काढून गिलीज यांची जलरंगातली चित्रे जवळून पाहता आली. त्या बळावर हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, याची जाणीव आहे. पण चाळीस वर्षांच्या कामाला एका वाक्यात बाजूला सारले गेले असेल, तर उत्तराला थोडी जागा लागणारच.

गिलीज यांचा जन्म १८९८ मध्ये एडिनबराच्या पूर्वेला असलेल्या हॅडिंग्टन या बाजारपेठेच्या गावी झाला. वडिलांचे तंबाखूचे दुकान होते. घरात दोन बहिणी, जॅनेट आणि एमा. त्यांचे मामा विल्यम राइल स्मिथ हे डंडीजवळच्या ब्रॉटी फेरी येथे शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते, आणि या मुलाच्या हातात रंग आणि ब्रश आले ते बरेचसे त्यांच्यामुळे. सुट्टीत मामांकडे जायचे आणि त्यांच्याबरोबर बाहेर बसून चित्रे काढायची, हा गिलीज यांचा पहिला अभ्यास. म्हणजे ज्या पेशामुळे त्यांची वाढ खुंटली असे लेखक म्हणतात, त्याच पेशातल्या एका साध्या शाळामास्तराने त्यांना या वाटेवर आणून सोडले होते. लेखकाने एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली असती, तरी ते वाक्य त्यांनी इतक्या सहज लिहिले नसते.

१९१६ मध्ये ते एडिनबरा कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि थोड्याच महिन्यांत सैन्यात बोलावले गेले. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर ते जखमी झाले, विषारी वायूचाही त्रास त्यांना झाला. १९१९ मध्ये परत येऊन त्यांनी सोडलेला अभ्यासक्रम पुन्हा हाती घेतला आणि १९२२ मध्ये पूर्ण केला. त्याच वर्षी बरोबरच्या मित्रांनी मिळून एक प्रदर्शन-मंडळ काढले आणि त्याला ‘१९२२ ग्रुप’ असेच नाव दिले. पुढे प्रवास-शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला आंद्रे लोत यांच्या चित्रशाळेत गेले. लोत हे घनवादाचे पट्टीचे शिक्षक; वस्तूचे पैलू पाडून चित्राची बांधणी कशी करावी, याचे त्यांचे पक्के शास्त्र होते. गिलीज ते शिकले, इटली पाहून आले, काही काळ त्या पद्धतीने रंगवूनही पाहिले आणि मग तो साचा त्यांनी बाजूला ठेवला. इन्व्हरनेसला शाळेत थोडा काळ शिकवल्यावर, १९२० च्या दशकाच्या मध्यापासून ते ज्या कॉलेजात शिकले त्याच कॉलेजात शिकवू लागले आणि १९६६ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. १९४६ मध्ये चित्रकला विभागाचे प्रमुख आणि १९६० मध्ये प्राचार्य, हे मधले टप्पे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एवढी वर्षे नोकरी केलेल्या माणसाने काय रंगवले, कसे रंगवले आणि केव्हा रंगवले, हे पाहिल्याशिवाय नोकरीने त्याचे काय केले हे ठरवता येत नाही.

गिलीज तैलरंगातही मोठे चित्रकार होते. त्यांची स्थिरचित्रे, म्हणजे टेबलावरची भांडी, फळे, फुलदाण्या, ही बहुतेक तैलरंगात आहेत आणि ती घरी, सावकाश, बांधणीचा विचार करून रंगवलेली आहेत. जलरंगाचे काम मात्र बाहेरचे. कॉलेजचे सत्र संपले की ते निघत. तरुणपणी मोटरसायकलवर, बरोबर तंबू घेऊन, पुढे मोटारीतून. वायव्येच्या डोंगराळ मुलखात, स्काय बेटावर, फाइफच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या गावांत आणि दक्षिणेला ट्वीड नदीच्या खोऱ्यात. अनेकदा जॉन मॅक्सवेल हे त्यांचे सहकारी चित्रकार सोबत असत. मॅक्सवेल अतिशय संथ, एकेका चित्रावर दिवसेंदिवस घुटमळणारे आणि मनासारखे न झालेले नष्ट करून टाकणारे, गिलीज झपाट्याचे. दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली आणि दोघांची चित्रे मात्र एकमेकांच्या वळणावर गेली नाहीत, ही गोष्टही मला महत्त्वाची वाटते.

या ठिकाणी जलरंग या माध्यमाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण लेखकाचा गैरसमज तिथूनच सुरू झाला असावा असे वाटते. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये उघड्यावर बसून आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, टाकायला घेतला, तर कागदाच्या खालच्या टोकाला पोहोचेपर्यंत वरचे टोक सुकलेले असते. रंगाचा हात आखडतो, कडा उमटतात, आणि ओल्यावर ओला रंग सोडायचा म्हटले तर कागदाला पुन्हा पुन्हा पाणी पाजावे लागते. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर याच्या अगदी उलट. हवेतच इतका ओलावा असतो की वॉश सुकतच नाही. मी स्वतः तिथे एका खाडीकाठी बसून प्रयत्न केला आहे. वीस मिनिटांनीही कागदावर पाणी चमकत होते, डोंगराच्या करड्या रंगात आकाशाचा राखाडी उतरून आला आणि दोन्हींची सीमा पुसली गेली. अशा हवेत चित्रकाराला दोनच मार्ग राहतात. एक तर कागद गुंडाळून घरी जायचे, नाहीतर रंग जिथे जाईल तिथे त्याच्याबरोबर जायचे आणि कोणत्या क्षणी त्याला थांबवायचे एवढेच ओळखायचे. गिलीज यांनी दुसरा मार्ग धरला आणि त्यात ते इतके तरबेज झाले की पाऊस येण्याआधीची आणि येऊन गेल्यानंतरची हवा त्यांच्या कागदावर वेगळी ओळखू येते.

एडिनबरात पाहिलेले त्यांचे एक जलरंगचित्र अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. बोडक्या टेकड्या, खाली शेताचा उतार आणि त्यावरून गेलेले तारेचे कुंपण, एवढाच विषय. लांबून पाहिले तर तीन-चार धुरकट छटांच्या पलीकडे काही दिसत नाही. काचेपर्यंत जवळ गेलो तेव्हा कळले की टेकडीचा सगळा फुगवटा एकाच भरलेल्या ब्रशच्या एका ओढीत आलेला आहे. जिथे रंग साचला तिथे तो गडद झाला आहे आणि ती कड त्यांनी तशीच राहू दिली आहे. कुंपणाचे खांब काळ्या शाईच्या लेखणीने काढले आहेत, तेही कागद पुरता सुकण्याआधी. त्यामुळे काही खांबांची टोके किंचित फुटून ओलीत पसरली आहेत, आणि पुढचे खांब, तोवर कागद सुकला असावा म्हणून, टोकदार आहेत. त्या फुटलेल्या आणि टोकदार खांबांमधल्या फरकातूनच उताराचे अंतर उभे राहते. मोकळा सोडलेला पांढरा कागद कुठे आणि किती असावा, याचा हिशेब तर मी आयुष्यभर मुलांना शिकवत आलो, पण तो इतका बिनचूक साधलेला मी क्वचित पाहिला आहे. हे काम फार तर तासाभराचे असेल. ते तासाभरात उतरावे म्हणून मागे किती वर्षांचा सराव असतो, हे ज्याने ब्रश धरला आहे त्याला सांगावे लागत नाही.

आता हे माध्यम आणि ही नोकरी यांची सांगड पाहा. मोठे तैलचित्र आठवडेच्या आठवडे मागते. जलरंगाला एक मोकळी दुपार पुरते, पण त्या दुपारी हात तयार असावा लागतो. सत्रभर कॉलेजात रंग, रेषा आणि आकार यांच्यातच वावरणाऱ्या माणसाचा हात सुट्टी लागताच तयारच असतो. गिलीज यांनी आपले आयुष्य या लयीत बसवले होते: सत्रात कॉलेज, सुट्टीत रानोमाळ आणि एरवी घरी स्थिरचित्रे. नोकरी सोडून पॅरिसला किंवा लंडनला स्थायिक झाले असते तर ते अधिक मोठे झाले असते, असे म्हणणाऱ्यांना तसे म्हणण्याचा अधिकार आहे, पण मग ही शेकडो जलरंगचित्रे झाली नसती, हेही त्यांनी मान्य करावे.

‘स्थानिक’ हा शब्दही मला खटकला. १९३१ मध्ये ‘सोसायटी ऑफ स्कॉटिश आर्टिस्ट्स’ या संस्थेने नॉर्वेच्या एडवर्ड मुंक यांची चित्रे एडिनबराच्या प्रदर्शनात आणली, तेव्हा ब्रिटनमध्ये मुंक यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. १९३४ मध्ये याच संस्थेने पॉल क्ले यांची चित्रे दाखवली. गिलीज या मंडळींतलेच होते, आणि मुंक पाहिल्यानंतर त्यांच्या डोंगराळ मुलखातल्या जलरंगचित्रांत जो मोकळेपणा आणि जी अस्वस्थता आली, ती त्या काळातली चित्रे ओळीने पाहिली तर कोणालाही दिसेल. युरोपातले जे उत्तम ते एडिनबरातच मागवून घेऊन, ते पचवून, पुन्हा आपल्याच मुलखातल्या टेकड्यांकडे वळणाऱ्या माणसाला स्थानिक म्हणायचे असेल, तर त्या शब्दात कमीपणा कोणता?

१९३९ मध्ये आई आणि बहीण जॅनेट यांच्यासह ते एडिनबराच्या दक्षिणेला असलेल्या टेंपल या खेड्यात राहायला गेले. धाकटी बहीण एमा त्याआधीच, १९३६ मध्ये, वारली होती. ती मातीची भांडी घडवणारी कलावंत होती आणि तिच्या जाण्याचा घाव या घराने दीर्घकाळ सोसला. टेंपल म्हणजे उताराची एक सडक, दोन्ही बाजूंना दगडी घरे, खाली साउथ एस्क नदी आणि तिच्या काठी जुन्या चर्चचे भग्नावशेष. मध्ययुगातल्या टेंपलर सरदारांचे ठाणे तिथे होते, त्यावरून गावाला हे नाव पडले. गिलीज यांनी लग्न केले नाही. १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते याच गावात राहिले, बाग राखली आणि ती सडक, ती बाग, समोरच्या मूरफूट टेकड्या सगळ्या ऋतूंत रंगवल्या. मी मुलीला घेऊन तिथे गेलो होतो. गाव चालत पाहायला पंधरा मिनिटे पुरतात. एका माणसाला ते चौतीस वर्षे पुरले, आणि मी स्वतःही शाळेत चौतीसच वर्षे काढली असल्यामुळे, त्या सडकेच्या वरच्या टोकाला उभे राहून तो आकडा माझ्या मनात बराच वेळ घोळत राहिला.

मानसन्मानांविषयी थोडक्यात: रॉयल स्कॉटिश अकादमीचे ते सदस्य होते, १८७६ मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटलंडच्या जलरंगकारांच्या शाही संस्थेचे १९६० च्या दशकात अध्यक्ष होते आणि १९७० मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. आपल्या चित्रशाळेतले काम त्यांनी अकादमीच्या नावे करून ठेवले, म्हणून आज ते एकत्र पाहता येते.

आता त्यांच्या अध्यापनाविषयी, कारण मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते इथेच. शिक्षक-चित्रकाराची खरी परीक्षा अशी की त्याचे विद्यार्थी त्याच्यासारखे काढू लागतात का. ते तसे काढू लागले, तर तो चित्रकार कितीही मोठा असो, शिक्षक म्हणून तो कुठेतरी चुकला. गिलीज शिकवत असताना त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्यांची नावे पाहा. विल्हेल्मिना बार्न्स-ग्रॅहम १९४० मध्ये कॉर्नवॉलच्या सेंट आइव्ह्ज गावी गेल्या आणि स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांवरून अमूर्ताकडे पोहोचल्या. ॲलन डेव्ही यांनी प्राचीन चिन्हांची आणि गूढ खुणांची स्वतःची भाषा उभी केली. रॉबिन फिलिपसन यांनी कोंबड्यांच्या झुंजी दाट, भडक तैलरंगात रंगवल्या; दुसऱ्या महायुद्धात ते भारतात आणि ब्रह्मदेशात सैन्यात होते आणि पुढे गिलीज प्राचार्य झाल्यावर चित्रकला विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. एलिझाबेथ ब्लॅकॅडर यांनी फुले, मांजरे आणि जपानी वस्तू विरळ मांडणीत ठेवून जलरंगाला वेगळाच नाजूकपणा दिला. लंडनची रॉयल अकादमी आणि स्कॉटलंडची अकादमी या दोन्हींचे सदस्यत्व मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री-चित्रकार. या चौघांची चित्रे एका भिंतीवर लावली, तर त्यांनी एकाच वास्तूत शिक्षण घेतले असेल अशी शंकाही येणार नाही. सगळेच श्रेय गिलीज यांचे, असे मी म्हणत नाही. त्या कॉलेजात इतरही उत्तम शिक्षक होते. पण विभागाचा प्रमुख आपला ठसा लादणारा असता, तर हे घडले नसते.

मुळात चित्रकारांच्या ज्या परंपरेला आज ‘एडिनबरा स्कूल’ म्हणतात आणि लेखकानेही जिचा गौरवाने उल्लेख केला आहे, तिच्यातली माणसे कोण? गिलीज, मॅक्सवेल, विल्यम मॅकटॅगर्ट, फिलिपसन. हे सगळे त्याच कॉलेजात शिकवत होते. ॲन रेडपाथ यांनी तिथे नोकरी केली नाही, पण त्याही तिथल्याच विद्यार्थिनी. मास्तरांना वगळले, तर या स्कूलमध्ये उरते काय? एका बाजूने त्या परंपरेचे कौतुक करायचे आणि दुसऱ्या बाजूने तिच्या मुळाशी असलेल्या नोकरीला दोष द्यायचा, हे एकाच लेखात शोभत नाही.

गिलीज मितभाषी होते. सिद्धान्त मांडत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. दर सुट्टीनंतर त्यांचे नवे काम प्रदर्शनात लागे आणि विद्यार्थ्यांना ते पाहायला मिळे. शिकवणारा स्वतः काम करतो आहे, चुकतो आहे, पुन्हा बसतो आहे, हे विद्यार्थ्याला दिसणे यापेक्षा परिणामकारक पाठ मला माहीत नाही. याची किंमत मी फार उशिरा ओळखली. शाळेतल्या माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एलिमेंटरी परीक्षेला बसणाऱ्या एका मुलाने निसर्गचित्रात आकाश भलतेच गडद केले होते. मी त्याच्या हातातला ब्रश घेतला, स्पंजने रंग उचलला आणि नेहमीचे फिकट निळे आकाश करून दिले. त्याला चांगली श्रेणी मिळाली. पुढच्या वर्षी तो चित्रकलेच्या तासाला कागद पुढे करून उभा राहू लागला, की सरांनी आकाश काढून द्यावे. तो आमच्या गावावर वळीव दाटून येतानाचे आकाश रंगवत होता आणि मी ते पुसून टाकले होते. गिलीज यांची ती ओली, काळवंडलेली आकाशे पाहताना मला सारखा तो मुलगा आठवत होता, आणि काचेसमोर उभे राहून फार वाईट वाटले.

म्हणून नोकरी करणाऱ्या चित्रकाराविषयी कोणी घाईने लिहिले की मन दुखते. आमच्या पेशातल्या कित्येकांना हे ऐकून घ्यावे लागते आणि त्यातल्या काहींनी ते खरे मानून ब्रश खाली ठेवला, हे मी पाहिले आहे. गिलीज यांचे चरित्र अशांच्या हाती पडायला हवे होते. आपल्या लेखामुळे ते पडण्याची संधी आली होती आणि ती एका वाक्यात गेली, एवढीच माझी तक्रार आहे. लेखकांच्या अभ्यासाविषयी मला आदर आहे आणि त्यांनी एडिनबराच्या अकादमीत जाऊन जलरंगांचे ते कागद एकदा डोळ्यांनी पाहावेत, अशी त्यांना विनंती आहे.

आपल्यालाही एक विनंती. लेखासोबत गिलीज यांचे जे एक चित्र छापले होते, ते आमच्या आवृत्तीत कृष्णधवल आले. जलरंगातले करडे हे काळ्या आणि पांढऱ्याचे मिश्रण नसते. त्यात निळा असतो, तपकिरी असतो, कधी किंचित जांभळा असतो, आणि छपाईत तो गेला की डोंगर आणि ढग एकच होऊन बसतात. पुढे कधी गिलीज यांच्यावर स्वतंत्र लेख आपण छापलात, तर चित्र लहान घ्यावे लागले तरी चालेल, पण ते रंगीत पानावर घ्यावे.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा